फ्लॅप टाकला की जेट एका बाजूला कलतं? रेडिओला हात लावण्याआधी हे बघा

हे रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, उडवायच्या मॉडेल जेटबद्दल आहे. फ्लॅप म्हणजे हळू उतरताना खाली करायचा पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग. लक्षणं आधी. यातलं आपलं कुठलं ते ठरवा आणि मगच पुढे वाचा. दुखणं एक आणि औषध दुसरं, असं या बाबतीत फार होतं.

अ) फ्लॅप वर असताना विमान हात सोडला तरी सरळ जातं. फ्लॅप टाकला की दर वेळी त्याच एका बाजूला कलतं.

आ) अर्ध्या फ्लॅपला कलतं, पूर्ण फ्लॅपला बरं असतं. किंवा बरोबर उलट.

इ) टेबलावर दोन्ही फ्लॅप अगदी सारखे दिसतात, हवेत मात्र कलतं.

ई) कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी काहीच नाही.

उ) फ्लॅप खाली येत असताना एक झटका, मग सगळं सुरळीत.

ऊ) फ्लॅप असो वा नसो, वेग कमी झाला की कलतं. हे फ्लॅपचं दुखणंच नाही. लोक मात्र फ्लॅपवरच खापर फोडतात, कारण हळू उडवण्याची वेळ फक्त लँडिंगला येते आणि तेव्हा फ्लॅप खालीच असतो.

ए) कलत नाही, पण नाक वर करून फुगा उडावा तसं वर चढतं. याचं शेवटी बघू.

आमच्या मैदानावर (पुण्याबाहेर, मुरमाचं, कडेला गवत) फोमची ईडीएफ जेट (पोटातल्या नळीत विजेवर फिरणारा फॅन असलेली) जास्त येतात, ६४ पासून ९० मिलिमीटर फॅनपर्यंत. टर्बाइनवाले (खरं छोटं जेट इंजिन लावणारे) दोघं-तिघं. दर पावसाळ्यानंतर हीच तक्रार घेऊन कुणी ना कुणी येतं. मी आता "डावीकडे का उजवीकडे?" एवढंच विचारतो आणि खिशातली पट्टी काढतो. पट्टी शाळेतली, १५ सेंटिमीटरची, स्टीलची. या कामात तिच्याइतकं उपयोगी हत्यार नाही.

नाकावर पंखा (प्रोपेलर) असलेल्या विमानाला हा दोष असला तरी ते बरंच सोसून घेतं. पुढचा पंखा पंखांवर आणि शेपटीवर वारा मारत असतो. थ्रॉटल दिला की कंट्रोल लगेच जागे होतात. जेटला ते सुख नाही. हवा पोटातून शिरते आणि मागून निघून जाते, एलेरॉनवर (पंखाच्या टोकाकडचे, विमान कलवणारे हलते भाग) तिचा काडीचा उपयोग नाही. ईडीएफला वेग पकडायला वेळ लागतो, टर्बाइनला आयडलवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद जातात. शिवाय पंख लहान आणि वजन जास्त. म्हणजे फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात), हळू वेगाला, ज्या क्षणी फ्लॅप दगा देतो, नेमक्या त्याच क्षणी तो सावरायला एलेरॉनकडे सगळ्यात कमी ताकद असते.

पुण्याचा आणखी एक मुद्दा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर उडवतो. मे महिन्यात ३८ अंशांना इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा अंदाजे ८ टक्के विरळ असते. तेवढीच उचल मिळायला वेग चारेक टक्के जास्त लागतो. मुंबईहून आलेला भिडू सवयीच्या वेगाने फायनलला येतो, त्याला विमान "ढिलं" वाटतं, आणि संशय पुन्हा फ्लॅपवर.

सुरू करण्याआधी

ईडीएफचा फॅन काढून ठेवता येत नाही. म्हणून ईएससीकडून (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरी सोडवा आणि त्यांची टोकं एकमेकींना लागणार नाहीत अशी टेपने बांधा. बीईसीमधून (रिसीव्हरला वीज देणारा भाग) सर्वोंना, म्हणजे फ्लॅप-एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरींना, वीज मिळत राहते, फॅन फिरत नाही. थ्रॉटल कट (मोटर बंद ठेवणारा रेडिओचा स्विच) आहे ना, मग कशाला, असं म्हणणाऱ्या एकाच्या बोटाला तीन टाके पडलेले मी पाहिले आहेत. टर्बाइनवाल्यांनी फक्त रिसीव्हर चालू करावा, इंजिनच्या ईसीयूला वीज देऊ नये.

जायरो बंद करा. हे विसरू नका. जायरो चालू असेल तर तो कलणं झाकतो. एलेरॉन आतल्या आत फिरवून विमान सरळ ठेवतो आणि तुम्हाला वाटतं बरं झालं. मग एखाद्या दिवशी वारा जरा जास्त असतो, एलेरॉनची हद्द संपते आणि विमान एकदम उलटतं. जायरोची दिशा या निमित्ताने तपासून घ्या: विमान हातात धरून उजवा पंख झटकन खाली केला तर उजवा एलेरॉन खाली जायला हवा. वर गेला तर आज उडवायचं नाही.

१. डोळे आणि बोटं

विमानाच्या मागे उभे राहा, फ्लॅप पूर्ण खाली, आणि दोन्ही बिजागऱ्यांवरून बोटाचं नख फिरवा. गवताची काडी, मुरमाचा खडा, गोंदाचा ओघळ. फोमच्या विमानात बिजागरी लावताना गोंद आत शिरतो आणि एक फ्लॅप दुसऱ्यापेक्षा घट्ट होतो. सर्वोपासून रॉड सोडवून फ्लॅप नुसता बोटाने हलवून बघा: तो आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडत असेल तर तेवढंच आधी सोडवा.

रॉड सुटलेला आहे तोवर हॉर्नही (फ्लॅपवरचा भोकांचा खुंट, ज्याला रॉड जोडतात) हलवून बघा. फोममध्ये चिकटवलेला हॉर्न बाहेरून पक्का दिसतो आणि आतून सुटलेला असतो. वर्षभर गाडीच्या डिकीत तापला की गोंद सोडतोच.

आणि क्लेव्हिस (रॉडच्या टोकाची चिमटी) डावीकडे हॉर्नच्या कितव्या भोकात आहे, उजवीकडे कितव्या? मोजा. हसू नका. गेल्या वर्षी आलेल्यांपैकी दोघांचं दुखणं एवढंच निघालं.

२. पट्टी, तीन जागी

इथेच बहुतेक जण घाई करतात. फ्लॅप वर: दोन्ही पंखाशी सपाट आहेत. फ्लॅप पूर्ण खाली: दोन्ही सारखे दिसतात. झालं, जुळले! नाही जुळले. अर्ध्यावर मोजलंच नाही.

फ्लॅपच्या आतल्या टोकाशी, म्हणजे विमानाच्या अंगाकडच्या बाजूला, मागच्या कडेची पंखापासूनची खोली मोजा. वर, अर्धा, पूर्ण. डावीकडचे तीन आकडे, उजवीकडचे तीन. फ्लॅपची रुंदी ४० मिलिमीटर धरली तर १५ अंशांना कड साधारण १० मिलिमीटर खाली येते, ४० अंशांना साधारण २६. त्या रुंदीला १ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ दीड अंश. एका मिलिमीटरपर्यंत मी सोडून देतो. दोनला एलेरॉन ट्रिम (सरळ जाण्यासाठी द्यायचा कायमचा किंचित कल) मागायला लागतं. तीन-चारला विमान तुमच्या हातातून निसटायला लागतं.

मोबाइलवरचं कोन मोजायचं ॲप चालतं, पण मोबाइलचं वजन फ्लॅपवर टाकू नका. छोट्या फोमच्या फ्लॅपला तो स्वतःच दोन अंश वाकवतो आणि मग तुम्ही मोबाइलशीच फ्लॅप जुळवत बसता.

आकडे कागदावर लिहा. पुढच्या महिन्यात हीच तक्रार परत आली की तो कागद सोन्यासारखा.

३. रेडिओ, फक्त बघायला

बदलायला नाही, बघायला. फ्लॅपच्या प्रत्येक जागेला एलेरॉन ट्रिम वेगळं साठवलं जातंय का ते बघा. लँडिंगचा वेगळा फ्लाइट मोड केला असेल तर त्यात कधीकाळचं चार क्लिक ट्रिम पडून असतं. एलेरॉनमधून फ्लॅपकडे जाणारा एखादा मिक्स (एकाबरोबर दुसराही भाग हलवणारी सेटिंग) राहिलाय का? फ्लॅप खाली टाकल्यावर एलेरॉनची मधली जागा बदलते का? मुद्दाम ठेवली नसेल तर बदलता कामा नये. तिथेही पट्टी लावा.

मग सबट्रिम, म्हणजे सर्वोची मधली जागा रेडिओतून सरकवणं. दोन फ्लॅपच्या सबट्रिममध्ये मोठा फरक दिसला तर समजा की मागच्या वेळी कुणीतरी (बहुधा आपणच) दुखणं रेडिओत लपवलं आहे.

उ हे लक्षण असेल तर वेग बघा. फ्लॅप वरून खाली यायला दोन ते तीन सेकंद लागले पाहिजेत, दोन्ही बाजूंना सारखे. स्पेक्ट्रम रेडिओवर हे फ्लॅप सिस्टीमच्या मेनूत आहे, एजटीएक्स सॉफ्टवेअरच्या रेडिओवर मिक्समध्ये स्लो म्हणून. दोन वेगळ्या चॅनलवर फ्लॅप असतील आणि एकालाच स्लो लावलं असेल, तर एक आधी पोचतो, दुसरा मागून येतो, आणि मधल्या काळात विमान कलतं. दोन्हींना सारखं लावलं आणि तरी झटका बसतो, तर दोन सर्वो वेगळ्या जातीचे आहेत. ते पुढे.

४. नाण्यांची तपासणी

ऊ लक्षणवाल्यांसाठी, पण सगळ्यांनीच करावी. बॅटरी आत ठेवा, कॅनोपी (वरचं झाकण) लावा, एकाने नाकाखाली बोट धरा, दुसऱ्याने शेपटीखाली. कुठला पंख खाली जातो? तीन-चार वेळा करा. एकच पंख दर वेळी खाली जात असेल तर हलक्या पंखाच्या टोकाला नाणी टेपने चिकटवून समतोल होतो का बघा, मग तेवढंच शिसं आत घाला.

यामागचं गणित सोपं आहे. पंखाचं जादा वजन वेग कितीही असला तरी तेवढंच राहतं. ते सावरणारं एलेरॉनचं ट्रिम मात्र वेगाच्या वर्गावर चालतं. भर वेगाला ट्रिम करून सरळ केलेलं विमान निम्म्या वेगाला आलं की त्या ट्रिमचा जोर एक चतुर्थांश होतो, वजन तिथेच असतं. पंख खाली जाणार नाही तर काय होईल?

५. सर्वोचा हात: दुखणं बहुतेक इथेच असतं

वरच्या चारांत काही सापडलं नाही, किंवा पट्टीने अर्ध्यावर फरक दाखवला, तर स्क्रू ड्रायव्हर काढा.

सर्वोचा हात गोल फिरतो आणि रॉड सरळ सरकतो. म्हणून हाताच्या एका अंशाला रॉड किती सरकेल ते हात कुठे उभा आहे त्यावर ठरतं. १२ मिलिमीटरचा हात घ्या. मधोमधच्या दोन्ही बाजूंना ४५-४५ अंश फिरला, तर रॉड एकूण १७ मिलिमीटर सरकतो आणि अर्ध्या फ्लॅपला बरोबर निम्मा, साडेआठ.

आता डावा हात एक दात पुढे बसवला, उजवा एक दात मागे. २५ दातांच्या शाफ्टवर (फुटाबाचे असतात) एक दात म्हणजे १४.४ अंश; सोयीसाठी १५ धरू. डावा आता उणे ३० वरून अधिक ६० पर्यंत जातो, उजवा उणे ६० वरून अधिक ३० पर्यंत. एकूण सरकणं दोघांचं १६.४ मिलिमीटर, अगदी सारखं. वर सारखे, खाली सारखे. पण अर्ध्यावर? डावा ९.१, उजवा ७.३. रॉडवर १.८ मिलिमीटरचा फरक. हॉर्न १२ मिलिमीटरचा आणि फ्लॅप ४० चा असेल तर मागच्या कडेला तो फरक पाच-सहा मिलिमीटर होतो!

आ लक्षण हेच. आणि दोन्ही फ्लॅप एका वाय-लीडवर (एका चॅनलला दोन सर्वो जोडणारी वायर) असतील तर रेडिओत तुम्ही काहीही करा, हे जाणार नाही, कारण दोघांना एकच सिग्नल जातो. वेगळ्या चॅनलवर असतील तर सबट्रिम आणि दोन टोकं ओढून तीन जागा जुळवता येतात, नाही असं नाही. पण फ्लॅप एका जागेवरून दुसरीकडे जात असताना मधल्या प्रवासात फरक राहतोच, आणि एका सर्वोची ताकद कमी पडते. म्हणून आधी लोखंड, मग रेडिओ.

करायचं असं. सबट्रिम शून्य, ट्रॅव्हल (सर्वो किती फिरायचा ते) दोन्हीकडे १०० टक्के, स्लो तात्पुरता बंद. स्विच अर्ध्यावर, म्हणजे सर्वोला १५०० मायक्रोसेकंदचा सिग्नल. हातांचे स्क्रू काढा, हात उचला. दोन्ही हात आरशातल्यासारखे, रॉडला काटकोनात बसतील तितके जवळ बसवा. दात नेमका सापडत नाही ना? चार फाट्यांचा क्रॉस हात असेल तर तो पाव वळण फिरवून पुढचा फाटा वापरा. २५ दातांवर ९० अंश म्हणजे सव्वासहा दात, त्यामुळे प्रत्येक फाट्याला ३.६ अंशांचा बारीक फरक मिळतो. चारांपैकी एक जवळजवळ सरळ बसतोच. नको असलेले तीन फाटे मग कापून टाका. उरलासुरला दोन-तीन अंशांचा फरक सबट्रिमने काढला तर चालतो. तेवढ्यासाठीच तो असतो.

आता अर्ध्या फ्लॅपला रॉडची लांबी क्लेव्हिसने फिरवून दोन्ही बाजू पट्टीवर सारख्या करा. त्यानंतर वरची जागा, मग खालची, ट्रॅव्हलने. वर फ्लॅप टेकल्यावर सर्वो गुणगुणत असेल तर तो पंखाला ढकलतोय. एक-दोन टक्के मागे घ्या, आवाज थांबेपर्यंत. सततची गुणगुण बॅटरी खाते आणि सर्वो तापवते. शेवटी क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीचा तुकडा सरकवा.

एलेरॉनलाही हेच, पण एक फरक. एलेरॉनच्या हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेषेवर यायला हवं. मागे-पुढे असेल तर वर-खाली जाणं असमान होतं आणि तुम्हाला नको असलेलं डिफरन्शियल तयार होतं. हवं तेवढं रेडिओत द्या: मी ७० मिलिमीटरच्या जेटला १२ मिलिमीटर वर, ८ खाली यापासून सुरुवात करतो. खाली जाणारा एलेरॉन हळू वेगाला त्या पंखाला मागे ओढतो. फ्लॅप खाली असताना कललेलं विमान सावरायला तुम्ही रेडिओची काठी दाबता आणि ते आणखीच वळतं, ते यामुळे.

ज्या जेटला वेगळे फ्लॅप नाहीत आणि एलेरॉनच खाली आणून काम भागवतात, त्यांनी हात आखडता घ्यावा. खऱ्या एफ-१६ ला फ्लॅपेरॉन असतात, पण ते संगणक चालवतो. आपल्या मॉडेलवर एलेरॉन १० अंशांपेक्षा खाली आणले की पंखाचं टोक आधी स्टॉल होतं (उचल सोडतं) आणि कलणं म्हणजे थेट उलटणं. मिराजसारख्या शेपूट नसलेल्या, त्रिकोणी पंखाच्या डेल्टाला तर मागची कड खाली केली की नाकच खाली जातं. त्यांना फ्लॅप विसरा, नाक वर ठेवून उतरवा.

६. साखरेचा पुडा

इ लक्षण. टेबलावर सगळं बरोबर, हवेत बिघडतं. म्हणजे वाऱ्याचा दाब पडल्यावर एक फ्लॅप मागे सरकतो.

ताशी ७० किलोमीटरच्या आसपास ४० मिलिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब फ्लॅप पूर्ण खाली असेल तर त्यावर पाव किलोच्या घरात दाब येतो. म्हणून विमान गोधडीवर पालथं ठेवा, अर्धा फ्लॅप टाका आणि फ्लॅपच्या मधोमध पाव किलो साखरेचा पुडा अलगद ठेवा. मागच्या कडेला पट्टी. आता दुसऱ्या बाजूला. डावा १ मिलिमीटर दबला आणि उजवा ४, तर चोर सापडला. रॉड बारीक आणि लांब असेल तर तो धनुष्यासारखा वाकताना उघड्या डोळ्यांना दिसतो; त्याला मधे आधार द्या किंवा जाड रॉड घ्या. क्लेव्हिसचं भोक मोठं झालेलं असेल तर हॉर्न बदला. दोन्ही ठीक असून फ्लॅप दबतो आणि पुडा काढल्यावर परत वर येतो, तर सर्वोची ताकद कमी पडते आहे. दबतो, बारीक टकटक होते आणि परत येत नाही, तर गिअरचा दात गेला.

गिअरचे दात कुठे जातात, ते आमच्या मैदानाला विचारा. उंच गवतात पूर्ण फ्लॅप टाकून उतरलं की कड गवतात अडकते आणि सगळा झटका प्लास्टिकच्या दातांवर येतो. माझ्या राखाडी ७० मिलिमीटरवर एका मोसमात तीनदा उजवाच फ्लॅप बिघडला. प्रत्येक वेळी मी दोन क्लिक सबट्रिम देऊन गप्प बसवायचो. चौथ्यांदा फ्लॅप टाकल्याबरोबर ते उजवीकडे असं गेलं की मला थ्रॉटल आठवायलाही वेळ मिळाला नाही. उघडून बघितलं तर मधल्या चाकाचे तीन दात सपाट, आणि सर्वो मधेच पकडत होता, मधेच सोडत होता. ई लक्षण असंच दिसतं. तेव्हापासून जमिनीला चाक टेकलं की बोट फ्लॅपच्या स्विचवर, विमान धावत असतानाच फ्लॅप वर.

७. वीज

कलणं फक्त तेव्हाच होतं, जेव्हा तुम्ही चाकं आणि फ्लॅप एकदम खाली करता? मग बीईसीवर संशय घ्या. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला छोटा व्होल्टमीटर लावा, चाकं आणि फ्लॅप एकदम टाका, सोबत दोन्ही काठ्या गोल फिरवा. ५ व्होल्टचा बीईसी ४.८ च्या खाली जायला लागला तर मी तो बदलतो. थकलेला सर्वो व्होल्टेज पडलं की हळू चालतो आणि त्याचा फ्लॅप मागून पोचतो. वेगळा यूबीईसी (ईएससीबाहेरचा स्वतंत्र बीईसी) महाग नाही. तोवर चाकं आधी, चार सेकंद थांबून फ्लॅप.

८. सर्वो बदलणं

बदलायचे तर जोडीने. एकच नवा टाकला की त्याचा वेग, त्याची मधली जागा, सगळं वेगळं. आणि एक ठेच मी खाल्ली आहे ती तुम्ही खाऊ नका: फोमच्या बऱ्याच जेटमध्ये दोन फ्लॅप वाय-लीडवर असतात आणि त्यातला एक सर्वो उलटा फिरणारा, रिव्हर्स म्हणून वेगळा येतो. बाहेरून दोघं जुळे भाऊ. दुकानदाराने साधाच दिला, मी मैदानावरच बसवला, आणि टेबलावर एक फ्लॅप खाली तर दुसरा वर! सुदैवाने टेबलावर.

९. पंख

सगळं जुळलं, तरी कलतं. पंख डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि मागच्या कडेकडून पुढची कड बघा. आतून टोकापर्यंत दोन्ही पंखांना पीळ सारखा आहे का? उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला फोमचा पंख पिळतो, आणि पिळलेला पंख हळू वेगाला आधी सोडतो. थोडा पीळ गरम पाण्याच्या फडक्याने आणि सपाट फळीखाली रात्रभर दाबून निघतो. जास्त असेल तर पंख नवा घ्या.

मग हवेत

सोबत एक माणूस घ्या, जो तुमचे शब्द लिहील. वारा शांत, चाकं वर, जायरो बंद. दोनशे फुटांवर जा. सरकारच्या ड्रोन नकाशावरच्या हिरव्या झोनमधली ४०० फुटांची मर्यादा दूर राहते आणि सावरायला उंची पुरते. आधी फ्लॅप न टाकता लँडिंगइतका वेग कमी करा. कललं का? कललं तर उतरा आणि चौथी आणि नववी तपासणी पुन्हा करा. नाही कललं, तर अर्धा फ्लॅप, सरळ रेषेत, वळणावर नाही. तीन सेकंद बोट स्विचवरून काढायचं नाही. कललं तर जिथून आलात तिथे परत: फ्लॅप वर, थोडा थ्रॉटल, मग एलेरॉन. घाबरून आधी एलेरॉन दाबू नका. मग पूर्ण फ्लॅप.

ए लक्षण, नाक वर करणं, याच फेरीत बघून टाका. बहुतेक वेळा तो दोष नसतो. फ्लॅपने उचल वाढते आणि शेपटीवर येणारी हवा बदलते. आधी वेग कमी करून फ्लॅप टाकताय ना? भर वेगात टाकला तर कुठलंही विमान उड्या मारेल. तरी चढत असेल तर फ्लॅपबरोबर एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा भाग) थोडा खाली मिक्स करा: अर्ध्याला १ मिलिमीटर, पूर्णला २, मग पुन्हा उडवून बघा. एका वेळी १ मिलिमीटरच. काही जेट उलटं करतात आणि नाक खाली टाकतात, त्यांना एलिव्हेटर वर द्यावा लागतो. म्हणून दुसऱ्याचे आकडे उचलू नका. मिक्सलाही फ्लॅपइतकाच स्लो लावा, नाहीतर एलिव्हेटर आधी पोचतो आणि नाक डुबकी मारतं.

कुठे थांबायचं

एकाच दिवशी दोनदा कललं की त्या दिवसापुरतं पुरे. फ्लॅप न टाकता, लांब फायनल घेऊन, जास्त वेगाने उतरवा आणि डबा बंद करा. मैदानावर, उन्हात, बघे जमलेले असताना केलेली दुरुस्ती मी आजवर टिकलेली पाहिलेली नाही.

हे दिसलं तर स्वतः करू नका: पंखाच्या आतली कार्बन नळी किंवा स्पार (पंखाचा कणा) तडकलेला, पंख दाबल्यावर कुरकुर आवाज; लायपो बॅटरी फुगलेली; बीईसी किंवा वायर जळाल्याचा वास; रिसीव्हर मधेच बंद होऊन परत चालू होतो. पहिल्यासाठी विमान बांधणाऱ्या अनुभवी माणसाकडे जा, बाकीच्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्स समजणाऱ्याकडे. फुगलेली लायपो मात्र दुरुस्तीला कुणाकडेच नेऊ नका, मिठाच्या पाण्यात बुडवू नका, बाहेर मोकळ्यावर वाळूत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांना द्या.

टर्बाइन असेल तर माझा सल्ला आठव्या तपासणीच्या अलीकडेच संपतो. फायबरच्या पंखातला सर्वो काढताना बिजागरीचं बारीक काम बिघडलं तर ते घरी परत होत नाही, आणि विमानाची किंमत लाखांत असते. ज्याने ते जेट बांधलं त्यालाच बोलवा, आणि दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण ज्याने शंभर टर्बाइन उतरवल्या आहेत त्याच्या हातून होऊ द्या. तुम्ही बाजूला उभे राहून फ्लॅपच्या तीन जागांचे आकडे लिहा.